रिपोर्टवरचं जोडनाव आणि न मिळालेली गोळी

पत्र:

"आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाल्याचं कळून आता तीन महिने होत आले. बोन मॅरोच्या रिपोर्टमध्ये 'ईटीव्ही६-रन्क्स१ फ्यूजन पॉझिटिव्ह' असं आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, 'हे चांगलं निघालं.' रक्ताच्या कॅन्सरमध्ये चांगलं काय असतं, हे विचारायचं धाडस झालं नाही. मुलगी झोपली की मी वाचत बसतो. फ्यूजन प्रोटीनमुळे हा आजार होतो, नेमक्या त्या प्रोटीनवर घाव घालणारी औषधं निघाली आहेत, रोज एक गोळी घेऊन लोक वर्षानुवर्षं जगतात, असं वाचलं. मग आमच्या मुलीला ती गोळी का नाही? तिला इतकी जुनी केमो का? आम्ही आग्रह धरायचा का? दुसरं म्हणजे, बायकोच्या मनानं घेतलंय की गरोदरपणी तिला ताप आला, तिनं औषधं घेतली, त्यातून हे झालं. ती कुणाशी धड बोलत नाही. धाकटा मुलगा दीड वर्षाचा आहे. त्याचीही हीच टेस्ट करून घ्यावी का?
— एक बाबा"

प्रिय बाबा,

तुम्ही गोळीबद्दल आधी विचारलंत, पण मी सुरुवात तुमच्या पत्नीपासून करते. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

ताई, तुमच्या तापामुळे किंवा औषधांमुळे हे झालं, असं म्हणायला कसलाही आधार नाही. मी हे तुमची समजूत काढायला म्हणत नाही. रिपोर्टमधलं 'फ्यूजन' म्हणजे दोन जनुकांचा जोड, आणि हा जोड नेमका केव्हा आणि कुठे तयार होतो, हे शास्त्रज्ञांनी बऱ्यापैकी बारकाईनं शोधलेलं आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. तुमच्या मुलीच्या रक्त बनवणाऱ्या एका पेशीत, एकाच पेशीत, १२ आणि २१ क्रमांकाची गुणसूत्रं तुटली आणि जुळताना टोकांची अदलाबदल झाली. १२ वरच्या ईटीव्ही६ या जनुकाचा पुढचा भाग २१ वरच्या रन्क्स१ला चिकटला. बहुतेक मुलांमध्ये हे जन्माच्या आधीच घडतं. पण ते बाळाच्या स्वतःच्या पेशीत घडतं. आईच्या बीजातून किंवा वडिलांच्या शुक्राणूतून ते आलेलं नसतं. म्हणून हा जोड तुम्हा दोघांच्या शरीरात कुठेही सापडणार नाही.

हे कळलं कसं, ते सांगण्यासारखं आहे. अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कार्डावर वाळवून ठेवतात. ब्रिटनमधल्या मेल ग्रीव्हज यांच्या गटानं १९९०च्या दशकात ज्या मुलांना पुढे ल्युकेमिया झाला त्यांची ही जुनी कार्डं काढून तपासली, आणि त्या वाळक्या थेंबांत तोच जोड मिळाला. एकसारख्या जुळ्यांचा पुरावा तर त्याहून बोलका आहे. दोघांनाही आजार झाला तेव्हा दोघांच्या पेशींत गुणसूत्रं अगदी त्याच जागी तुटलेली दिसली. दोन वेगळ्या शरीरांत असा योगायोग होत नाही. पेशी एका बाळात बदलली आणि सामाईक वारेतून दुसऱ्यापर्यंत गेली, एवढाच त्याचा अर्थ लागतो.

पुढे निरोगी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं गेलं. शंभरात किमान एका बाळाच्या रक्तात हा जोड आढळला. अलीकडच्या जास्त संवेदनशील पद्धतीनं तो आकडा पाचच्या आसपास निघाला. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या कित्येक ठणठणीत मुलांच्या रक्तात जन्मतः ही चूक होती. त्यातल्या शंभरातल्या जेमतेम एकाला, कदाचित त्याहूनही कमी मुलांना, पुढे आजार होतो. गर्भात रक्ताच्या पेशी अफाट वेगानं तयार होत असतात, त्या धांदलीत अशा चुका होत राहतात आणि बहुतेक वेळा त्या आपोआप विरून जातात. शंभरातल्या एक ते पाच आयांना हे 'होतं', आणि त्या सगळ्यांनी काहीतरी चुकीचं केलेलं नसतं.

आजार व्हायला या जोडावर आणखी काही बिघाड चढावे लागतात, आणि ते जन्मानंतर होतात. या मुलांमध्ये नेहमी दिसणारा बिघाड म्हणजे ईटीव्ही६ची उरलेली चांगली प्रतही गळून जाणं. बी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोठ्या होताना प्रतिपिंडांची जनुकं घडवण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे तुकडे कापून जोडतात; तीच कात्री नको तिथे चालल्याच्या खुणा या पेशींत सापडतात. ही कात्री भलतीकडे कशामुळे चालते, याबद्दल संसर्गाशी निगडित एक मत आहे. ते मत वाचून कृपा करून नवा अपराधभाव उभा करू नका. मुलाला सर्दी होऊ दिली किंवा होऊ दिली नाही, यावर कुठल्याही आईवडिलांचा खरा ताबा नसतो.

यातूनच धाकट्याच्या टेस्टचं उत्तर मिळतं. करू नका. त्याच्या रक्तात हा जोड नसण्याचीच शक्यता मोठी. आणि समजा सापडलाच, तरी त्यावर करण्यासारखं काही नाही. घरात फक्त आणखी एक धास्ती वाढेल. अपवाद एकसारख्या जुळ्यांचा, तो तुम्हाला लागू नाही. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना सांगून ठेवा: जवळच्या नात्यात कुणाच्या प्लेटलेट्स कायम कमी राहतात का, किंवा कमी वयात कॅन्सर झालेले बरेच जण आहेत का. क्वचित काही घरांत ईटीव्ही६ जनुकातलाच वेगळा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. नाव तेच असलं तरी तुमच्या मुलीच्या रिपोर्टमधला जोड म्हणजे तो दोष नव्हे.

आता गोळी.

तुम्ही जे वाचलंत ते खरं आहे, पण ते दुसऱ्या जोडाबद्दल आहे. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसलं. ते लहान का, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकडे बदलले होते. त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबल नावाचं प्रथिन तयार होतं. एबल हे मुळात एक एन्झाइम, म्हणजे कायनेज. ते गरजेपुरतं चालतं आणि थांबतं. बीसीआर चिकटलं की ते थांबतच नाही, आणि पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. अशा एन्झाइमला रासायनिक इंधन बसवून घेण्यासाठी एक खोलगट खाच असते. इमॅटिनिब हे औषध त्या खाचेत जाऊन बसतं आणि काम बंद पाडतं. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. रोज एक गोळी आणि वर्षानुवर्षं आयुष्य, ही गोष्ट त्या आजाराची. मुख्यतः मोठ्या माणसांत होणाऱ्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची.

मुलांच्या एएलएलमध्ये, म्हणजे तुमच्या मुलीला झालेल्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, हा बीसीआर-एबल जोड शंभरात तीन ते पाच जणांतच असतो. एकेकाळी त्या मुलांचं निदान ऐकून डॉक्टरांचेही चेहरे पडत. अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्यांच्या केमोला इमॅटिनिबची जोड दिली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तीन वर्षांनी आजार न उलटलेल्या मुलांचं प्रमाण ८० टक्के निघालं. त्याआधी ते ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. एका औषधानं एवढी झेप घेतलेली या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळते. पण त्या मुलांनीही केमो घेतलीच. नुसत्या गोळीवर कुणी बरं झालं नाही.

तुमच्या मुलीच्या पेशीतल्या जोडाचं काम निराळं आहे. रन्क्स१ हे डीएनएवर ठरावीक जागा शोधून तिथली जनुकं चालू करणारं प्रथिन. रक्ताची पेशी त्याच्यामुळे मोठी होते, जाणती होते. ईटीव्ही६चं मूळ काम जनुकं गप्प बसवण्याचं. दोघं जोडले गेले की निरोप्या घर बरोबर शोधतो आणि 'या' म्हणण्याऐवजी 'येऊ नका' सांगून परततो. पेशी अर्धवट वयात अडकून पडते. यात इंधनाची खाच नाही, एन्झाइम नाही. असतात ते प्रथिनांचे एकमेकांवर आणि डीएनएवर टेकणारे पसरट पृष्ठभाग, आणि गोळीच्या आकाराच्या रेणूला तिथे पकड मिळत नाही. शिवाय अजून एक अडचण आहे, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आजार सुरू व्हायला हा जोड लागतो, पण आजार वाढल्यावरही त्या पेशी त्याच्यावरच जगतात का? प्रयोगशाळांतले निकाल याबाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत. जी गोष्ट काढून घेतल्यावर पेशी मरेलच अशी खात्री नाही, तिच्यावर औषध बनवणं म्हणजे मोठा जुगार.

असे खाच नसलेले जोड कायमचे औषधाबाहेर राहतात असं मात्र नाही. त्यांच्या बाबतीत माणसांनी ज्या वाटा शोधल्या त्या पाहिल्या की मला खरोखर धीर येतो. पीएमएल-रारा हा जोड घ्या. त्याच्यामुळे होणारा प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया पूर्वी रक्तस्रावानं काही दिवसांत माणूस नेत असे. शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी १९८०च्या दशकात त्या रुग्णांना ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप, दिलं आणि अडकलेल्या पेशी मोठ्या होऊ लागल्या. चीनमधूनच आलेलं आर्सेनिक ट्रायऑक्साइड तर त्या जोडप्रथिनाच्या पीएमएलच्या भागाला धरतं आणि पेशीकडूनच त्याची विल्हेवाट लावून घेतं. आज मुलांतही हा आजार बहुतांशी बरा होतो.

दुसरी वाट केएमटी२ए या जनुकाची. एक वर्षाच्या आतल्या बाळांना होणाऱ्या एएलएलमध्ये दर चारांपैकी साधारण तिघांत याचे जोड असतात, आणि हा आजार फार हट्टी असतो. केएमटी२ए ऐंशीहून जास्त वेगवेगळ्या जनुकांशी जोडलं गेलेलं पाहिलं आहे. प्रत्येक जोडावर वेगळं औषध काढायचं म्हटलं तर अशक्यच. पण या सगळ्या जोडांना डीएनएवर टिकून राहायला मेनिन नावाच्या एका साध्या, निरोगी प्रथिनाचा आधार लागतो. केएमटी२एचं टोक मेनिनच्या ज्या खळग्यात बसतं, तो खळगा औषधानं भरला की जोडप्रथिन तिथून सुटतं, आणि पेशीला पोरवयात ठेवणारी होक्सा९, मेइस१ ही जनुकं शांत होतात. रेव्ह्युमेनिब हे असं पहिलं औषध. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ते एक वर्षावरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी मंजूर झालं, आजार उलटला असेल किंवा उपचारांना दाद देत नसेल तेव्हासाठी. हेही सरळसोट नाही: काही रुग्णांत मेनिनच बदलतं आणि औषध त्याला धरू शकत नाही. तरी ज्या जोडाला हात लावता येत नाही त्याच्या आधाराला हात घालायचा, हा विचारच मला फार मोलाचा वाटतो.

आणि काही वेळा जोड स्वतःच निशाणी मागे सोडतो. लहान बाळांच्या एका दुर्मीळ मायलॉइड ल्युकेमियात सीबीएफए२टी३-ग्लिस२ हा जोड असतो. त्याच्यामुळे पेशीच्या बाहेरच्या बाजूला फोलेट पकडणारं एक प्रथिन उगवतं, जे रक्ताच्या निरोगी पेशींवर जवळजवळ नसतं. त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांवर संशोधन चालू आहे.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आमच्या मुलीच्या वाट्याला औषध नसलेला जोड आला. इथे डॉक्टरांच्या 'चांगलं निघालं' या शब्दांकडे परत या. हा जोड एएलएल झालेल्या दर चार-पाच मुलांमागे एकात असतो आणि ज्या मुलांत तो असतो ती नीट उपचार मिळाले की ९० टक्क्यांहून जास्त प्रमाणात बरी होतात. या पेशी साध्या केमोपुढे टिकत नाहीत. ॲस्परॅजिनेजपुढे तर विशेष हतबल होतात: ते औषध रक्तातलं ॲस्परॅजिन, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायला लागणारा एक घटक, संपवून टाकतं, आणि या पेशींना ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही. म्हणजे ज्याला तुम्ही जुनी केमो म्हणता त्यातही नेमका घाव आहेच, फक्त तो जोडावर नसून पेशीच्या भुकेवर आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या आजाराची शंभरातली दहा मुलंही वाचत नसत. ती संख्या इथवर आली ती बरीचशी याच जुन्या औषधांमुळे, त्यांचा क्रम, मात्रा आणि वेळ यांवर दशकानुदशकं केलेल्या कामामुळे.

तुम्ही ब्लिनाट्युमोमॅब या औषधाबद्दलही वाचलं असेल. नसेल तर वाचाल. ते जोडाकडे पाहत नाही. बी-पेशींवर असणाऱ्या सीडी१९ या प्रथिनाला एका बाजूनं आणि रोगी पेशी मारणाऱ्या शरीराच्या टी-पेशीला दुसऱ्या बाजूनं धरून दोघांना समोरासमोर आणतं. केएमटी२एचा जोड असलेल्या ३० बाळांवर ते वापरलं, तेव्हा दोन वर्षांनी सुमारे ८२ टक्के बाळं आजाराशिवाय होती. पूर्वी हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं. डिसेंबर २०२४ मध्ये 'स्टँडर्ड रिस्क' गटातल्या, पण आजार उलटण्याचा धोका मध्यम किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात केमोबरोबर ते दिलेल्या मुलांपैकी ९६ टक्के मुलं तीन वर्षांनी आजारमुक्त होती, नुसत्या केमोवर ८७.९ टक्के. पण याच अभ्यासात तुमच्या मुलीसारखा जोड असलेली आणि सुरुवातीच्या उपचारांना झटकन दाद दिलेली मुलं बाजूला काढली होती. त्यांना नेहमीची केमोच दिली गेली, कारण तेवढ्यावर ती उत्तम बरी होतात. मुलाला औषध जास्त देणं म्हणजे त्याच्यासाठी जास्त करणं असं आपल्याला वाटतं, आणि आईबापांना तसं वाटणारच. या आजारात मात्र गरजेपेक्षा जास्त दिलेलं प्रत्येक औषध वाढत्या शरीराकडून काहीतरी वसूल करतं.

म्हणून आग्रह धरायचा का, याचं माझं उत्तर: गोळीचा नाही. माहितीचा जरूर धरा. पुढच्या भेटीत विचारा की पहिल्या टप्प्याच्या शेवटी एमआरडी किती होता. एमआरडी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या उरलेल्या रोगी पेशींचं माप, तो ०.०१ टक्क्याच्या खाली असणं ही जोडाच्या नावाइतकीच मोठी बातमी असते. तो जास्त निघाला असेल तर डॉक्टर उपचार वाढवतील आणि तेव्हा इतर औषधांची चर्चा खरोखर करायची. जोडासोबत आणखी काही बदल सापडले का, हेही विचारा. मर्कॅप्टोप्युरिन हे केमोचं औषध पचवण्याशी संबंधित टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही जनुकं तपासली आहेत का, तेही विचारून घ्या. काही मुलांना त्या औषधाची नेहमीची मात्रा झेपत नाही. प्रश्न कागदावर लिहून न्या. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

तुम्ही गोळी शोधत होतात ना, तर तुमच्या घरात खरोखर एक गोळी येणार आहे. इस्पितळातला जड भाग संपला की मेंटेनन्सचा लांब टप्पा सुरू होतो. सगळे उपचार मिळून दोन-अडीच वर्षं चालतात, आणि त्यातला मोठा काळ रोज घरी मर्कॅप्टोप्युरिन घेण्याचा असतो. मुलगी तेव्हा हसत-खेळत असेल, केस आलेले असतील, आणि 'आज राहू दे' म्हणायचा मोह होईल. अमेरिकेत शेकडो मुलांवर केलेल्या अभ्यासात ज्यांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला. शंभर दिवसांत सहा-सात दिवस चुकले तरी तेवढं होतं. रात्री जागून नवी औषधं शोधण्यात जे बळ घालताय, ते या गोळीसाठी राखून ठेवा. एक ठरलेली वेळ, एक वही, आणि दोघांपैकी कुणी दिली ते लिहिण्याची सवय, एवढं पुरतं. उलटी झाली, ताप आला, गोळी चुकली तर पुढचा डोस स्वतःच्या मनानं कमी-जास्त न करता दवाखान्यात फोन करा.

आणि तो पहिला रिपोर्ट, जोडाचं नाव असलेला, त्याच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या जागी ठेवा. या प्रकारात आजार क्वचित उलटतो, आणि उलटलाच तर बहुधा काही वर्षांनी. तेव्हाही तो पुन्हा उपचारांना बऱ्यापैकी दाद देतो. त्या वेळी समोर बसलेल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच कागद लागेल, आणि तोवर या जोडावरही काही निघालं असेल तर ते मुलीला लागू पडतं का, हेही त्यावरूनच ठरेल.